अंबूबाईंच्या पिठाच्या गोळ्या

पहिल्याच भेटीत अंबूबाई माझ्या अंगावर थुंकल्या.

तंजावूरच्या एका इस्पितळात, मुलांच्या वॉर्डातल्या खिडकीजवळच्या बाकावर मी बसले होते. समोर पांढऱ्या साडीतली, पन्नाशीला टेकलेली, काटकुळी सिस्टर. तिनं माझ्या हातात एक पिवळी गोळी, एक चमचा आणि पाण्याची वाटी दिली आणि म्हणाली, "मी तुझा मुलगा. दे मला औषध." मी गोळी कुस्करली, पाण्यात कालवली, चमचा पुढे केला. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. मी "घ्या ना" म्हणाले. "मुलाला 'घ्या' म्हणतेस काय गे?" असं म्हणून तिनं तोंड उघडलं, औषध घेतलं, गालात धरलं. सुटले म्हणून मी चमचा खाली ठेवते न ठेवते तोच फुर्रकन सगळं माझ्या इरकली साडीवर!

"आतां काय करशील? दुसरी गोळी देशील?" तिनं तोंड पुसत विचारलं.

"हो."

"दिलीस तर मारशील त्याला. किती पोटांत गेली, किती साडीवर, तुला ठाऊक अहे? नाही कीं. मग मनानं काही करूं नको. इथं ये, विचार. सरी, बरं, पुन्हा दे."

त्या दुपारी त्या चार वेळा थुंकल्या. गोळी खरी नव्हती. तांदळाचं पीठ आणि हळद मळून त्या स्वतः तसल्या गोळ्या वळत आणि वर्तमानपत्रावर वाळवून औषधाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवत. खऱ्या गोळीला मोल होतं, ती मद्रासहून यायची. शिकताना चुका पिठाच्या गोळीवर करायच्या, हा त्यांचा नियम होता.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन पापनाशमला आले. सासरची माणसं मराठीच, पण राजेलोकांबरोबर कधी काळी दक्षिणेत उतरलेली. त्यांची मराठी ऐकून पहिले सहा महिने मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. यजमान तालुका कचेरीत होते. आमचा वेणू सात वर्षांचा झाला त्या वर्षी, म्हणजे साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी, त्याच्या अंगावर निळे डाग उठू लागले. ताप जाईना. तंजावूरला नेलं, रक्त तपासलं. मोठे डॉक्टर यजमानांना बाजूला घेऊन इंग्रजीत काही बोलले, आणि यजमान मला येऊन म्हणाले, "अशक्तपणा आहे."

रक्ताचा कर्करोग हे शब्द मला अंबूबाईंनी सांगितले. "घरांत औषध कोण देणार? तू. मग ठाऊक तुलाच पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या. मी रडायला लागले तशा बाजूला बसून राहिल्या. पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मुलगा बरा होईल असं मी तुला सांगितलं काय? नाही. गोळी त्याला दिवस देते. किती, ते डॉक्टरालाही ठाऊक नाही. पण एकही दिवस आपल्या चुकीनं जाऊं नये. एवढंच आपल्या हातांत अहे." मला त्यांचा रागच आला होता.

त्या स्वतः तंजावूरच्या मेल वीथीतल्या, जुन्या मराठी घराण्यातल्या. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी कपाळ पांढरं. पुढे भावानं मद्रासला पाठवून नर्सिंग शिकवलं, आणि त्यापायी दोघंही नातेवाइकांना नकोसे झाले. सगळ्या जातींचं रक्त-मूत काढणारी विधवा कोणाच्या स्वयंपाकघरात चालणार? हे सगळं त्या भाजीचा भाव सांगावा तसं सांगायच्या.

मंगळवारी सकाळी रक्त तपासायला आलेल्या आयाबापांचा त्यांच्याभोवती घोळका असे. तिकडची माणसं होकार-नकार दोन्हींना एकाच तऱ्हेनं मान डोलावतात, आणि अंबूबाईंना त्या मानेची चीड होती. "चुम्मा मान हलवूं नको," त्या ओरडायच्या. चुम्मा म्हणजे उगीच. "सांगूंही नको. करून दाखीव." ओरत्तनाडूचा एक शेतकरी होता, सहा फुटी. लेकीचं औषध आजी देते, मला कशाला, असं म्हणाला. अंबूबाईंनी त्याला सगळ्यांसमोर बसवलं आणि गोळी अर्धी करायला लावली. त्याचे हात असे थरथरायला लागले की गोळीचा भुगा झाला, आणि तो भुग्याकडे बघत हमसून हमसून रडला. अंबूबाई थांबल्या. त्याचं झाल्यावर बाटलीतून दुसरी गोळी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. तिसऱ्या गोळीला त्याचे दोन तुकडे बरोबर पडले.

दुसऱ्या एका बाईनं मुलगी टुणटुणीत दिसते म्हणून औषध थांबवलं होतं आणि देवळात जाऊन पोरीचे केस वाहिले होते. तिला म्हणाल्या, "पाणी उतरलं म्हणून कावेरीचा बांध कोणी फोडतो काय?" ती मुलगी पुढच्या मंगळवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. अंबूबाई दाराकडे बघत आणि पुन्हा पिठाच्या गोळ्या मोजत.

वेणू सहा आठवडे इस्पितळात राहिला. तिथं औषध चमच्यानं दिलं जायचं, आणि चमचा चाटून स्वच्छ केल्याशिवाय अंबूबाई हलत नसत. रक्त सुधारलं, डाग गेले. घरी सोडताना त्यांनी माझी परीक्षा घेतली. गोळी कधी? सकाळी, उपाशीपोटी. ताप आला तर? त्याच दिवशी तंजावूर. हिरड्यांतून रक्त, तोंडात फोड? त्याच दिवशी तंजावूर. एक दिवस चुकली तर? दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. थुंकला तर? मनानं काही नाही. मी पहिल्या नंबरानं पास झाले. सातारच्या शाळेतही कधी झाले नव्हते.

आणि घरी गेल्यावर वेणूचं रक्त बिघडू लागलं.

पहिल्या मंगळवारी थोडं. मग आणखी थोडं. पांढऱ्या पेशींचा आकडा डॉक्टर कागदावर लिहीत आणि मी तो उलटा वाचायला शिकले. तो वाढतच होता. "रोज देता?" "हो." "एकही दिवस चुकला नाही?" "नाही." पाचव्या आठवड्यात त्यांनी गोळी दीडपट केली. तरी फरक नाही. वेणू अंगणात खेळता खेळता मधेच पायरीवर बसू लागला. नवव्या आठवड्यात त्याच्या दंडावर मला पहिला निळा डाग दिसला. आंघोळ घालताना मी तो साबण लावून चोळला, मळ असेल म्हणून.

त्या मंगळवारी डॉक्टर म्हणाले, "हे औषध याला लागू पडेनासं झालं. पुढच्या मंगळवारी बंद करू. दुसरं एक आहे, ते देऊन बघू." त्या दुसऱ्यानंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हा लोकांना देण्यासारखी औषधं इनमिन दोन-तीन होती, हे मला अंबूबाईंकडून ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर अंबूबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. बाटली मागितली, गोळ्या मोजल्या. बरोबर भरल्या. "करून दाखीव," म्हणाल्या. मी करून दाखवलं, चमच्यानं, अगदी त्यांनी शिकवलं तसं. त्यांनी पुन्हा विचारलं, "असंच देतेस?" माझा तोल गेला. "मी त्याची आई आहे. तुम्हाला काय वाटतं, मी गोळ्या गटारात टाकते?" त्यांनी बाटलीचं झाकण लावून ती माझ्या हातात परत दिली. मला वाटलं, खजील झाल्या.

रविवारी सकाळी पहिल्या बसनं त्या पापनाशमला आमच्या दारात उभ्या राहिल्या. न कळवता. काखेत छत्री, हातात कापडी पिशवी.

सासूबाईंना त्या कोण ते लगेच कळलं. "मेल वीथीतली अंबू कीं तू?" असं विचारून त्यांनी अंबूबाईंना बाहेरच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसवलं. आत बोलावलं नाही. सासूबाईंचं स्वयंपाकघर कडक सोवळ्याचं, मडीचं. मीसुद्धा ओल्या लुगड्यानं आत जायची. नवी नवरी म्हणून आले त्या पहिल्या दिवशी मी पाण्याच्या टंबलरला तोंड लावून पाणी प्यायले होते, तर सासूबाईंनी तो टंबलर चिमट्यानं उचलून अंगणात ठेवला होता. तिकडे सगळी माणसं टंबलर ओठांपासून वर धरून वरून धार सोडतात. ओठ लागला की ते एच्चल, उष्टं. मला ते जमायला दोन महिने आणि सहा पोलकी लागली. मग मात्र मी इतकी पक्की झाले, की सातारची सून म्हणून बोट दाखवायला कोणाला जागा ठेवली नाही.

अंबूबाईंना ओट्यावरच कॉफी दिली. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं. वेणू किती वाजता उठतो, औषध कुठं बसून घेतो. सासूबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहून उत्तरं देत होत्या. मी शेजारी धुमसत उभी होते. अंबूबाईंनी टंबलर वर धरला, धार सोडून कॉफी संपवली आणि टंबलर खाली ठेवला. ठेवला, आणि त्यांचा हात त्याच्यावरच राहिला.

त्या आत वाकून बघत होत्या. तळाला न विरघळलेली साखर राहिली होती.

"सुमती," त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. आवाज अगदी बारीक होता. "गोळी कशांत कालवून देतेस?"

"टंबलरमध्ये."

"चमचा?"

"चमचा तोंडात घालून पुन्हा औषधात बुडवायचा? इथं कसं चालेल ते?"

"आणि वेणू पितो कसा?"

मी सासूबाईंकडे बघितलं. "कसा म्हणजे? सगळे पितात तसा. वरून."

"आजचा टंबलर कुठं अहे?"

मागे विहिरीजवळ घासायच्या भांड्यांत होता. अंबूबाई उठल्या आणि रस्त्याच्या साडीनं, चपला तेवढ्या सोडून, सरळ घरात शिरल्या. सासूबाई "मडि! अंबू, मडि!" म्हणून किंचाळल्या. स्वयंपाकघरातून जाणारी वाट जवळची होती, अंबूबाई त्याच वाटेनं गेल्या. भांड्यांच्या ढिगातून त्यांनी वेणूचा छोटा टंबलर शोधून काढला आणि उन्हात तिरपा धरला. तळाशी पिवळा साका होता. वाळून चिकटलेला. ती गोळी पाण्यात विरघळतच नाही, नुसती तरंगते आणि मग खाली बसते. नऊ आठवडे माझा मुलगा वरचं पाणी पीत होता, आणि औषध आम्ही राख लावून घासून टाकत होतो.

गटारात टाकते काय म्हणून मी त्यांच्यावर ओरडले होते. खरंच गटारातच टाकत होते.

सासूबाई मागोमाग आल्या होत्या. विटाळलेल्या स्वयंपाकघराबद्दल बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं होतं. अंबूबाईंनी टंबलर त्यांच्यापुढे धरला. "बघा अत्ते. हे वेणूचं औषध. हे सगळं तोंडांत जायला पाहिजे. ओठ लावून प्यायला पाहिजे, मग पाणी घालून, हलवून, तेंही प्यायला पाहिजे. एच्चल म्हणाल तर एच्चल."

विहिरीच्या रहाटाचं पाणी ठिबकत होतं. सासूबाईंनी टंबलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ह्या नाही म्हणतील, आणि मग मी काय करीन ते मलाच सांगता येत नव्हतं. त्यांनी अंबूबाईंच्या हातातून, म्हणजे त्यांच्या लेखी शिवाशिव झालेल्या हातातून, तो टंबलर घेतला. नीट डोळ्यांजवळ नेला. "एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी पोर सुकलं?" मग थोड्या वेळानं, "उद्यांपासून तळ मी बघेन."

अंबूबाईंनी लगेच पिशवीतून पिठाच्या गोळ्या काढल्या. त्यांनी वेणूला ओट्यावर बसवून तीनदा, ओठ लावून, खंगाळून प्यायला शिकवलं. त्याला मोठी मजा वाटली. आजीसमोर उष्टं करायला परवानगी! मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "उद्यां दीड देऊं नको. दीड ठरली ती ह्या चुकीवर. आतां सगळी पोटांत जाईल, तर दीडनं घात होईल. उद्यां, परवां एकच. डॉक्टराला मी सांगतें, ते रागावले तर माझ्यावर."

डॉक्टर रागावले, पण माझ्यावर. "आईला एवढं कळू नये?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. अंबूबाई माझ्या आणि त्यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. "शिकवलं मी, सर. चमच्यानं शिकवलं. घरीं कसं पितात तें मी विचारलं नाही. मीही तसल्याच घरांतली, जन्मभर वरूनच पितें, म्हणून मला दिसलं नाही. चूक माझी." मी डॉक्टरांसमोर कुठल्या सिस्टरला असं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. औषध बंद झालं नाही. एक गोळी, पूर्ण, आणि महिनाभर वाट बघायची.

तो महिना मी कसा काढला, मला सांगता येणार नाही. आता औषध खरंच पोटात जात होतं, म्हणजे ते जास्त होण्याची भीतीही खरी होती. रोज सकाळी मी वेणूचं तोंड उघडून फोड बघायची. सासूबाई रोज सकाळी टंबलर उजेडात धरायच्या आणि तळ लख्ख दिसेपर्यंत पाणी घालत राहायच्या. एकदा तर वेणू म्हणाला, "आजी, आतां पोट फुटेल!" पहिल्या मंगळवारी आकडा तोच. दुसऱ्या मंगळवारी तोच. तिसऱ्या मंगळवारी डॉक्टरांनी आकडा लिहिला, मी उलटा वाचला, आणि वाचता आला नाही म्हणून उठून सरळ वाचायला गेले. उतरला होता.

वेणूला पुढे सव्वा वर्ष मिळालं. त्यात तो तिसरीची परीक्षा पास झाला, नदीत पोहायला शिकला, आणि एकदा शेजारच्या मुलाचं डोकं फोडून आला तेव्हा मी त्याला फटका मारला आणि आत जाऊन आनंदानं रडले. मग एक दिवस गोळी खरोखरच लागू पडेनाशी झाली. दुसरं औषधही झालं. मार्गळी महिन्यात, पोंगलच्या आठवडाभर आधी, तो गेला.

चौदाव्या दिवशी अंबूबाई आल्या. तिण्णैवर बसायला लागल्या तशा सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि आत, स्वयंपाकघरात नेऊन चुलीजवळ पाटावर बसवलं. मी एकच प्रश्न इतके दिवस तोंडात धरून होते. तो विचारला. "ते नऊ आठवडे वाया गेले नसते तर तो आणखी जगला असता का?"

दुसरं कोणी असतं तर नाही म्हणालं असतं. मला तेच ऐकायचं होतं. "ठाऊक नाही," अंबूबाई म्हणाल्या. "मला ठाऊक नाही, आणि तुलाही कधी कळणार नाही. पण तें ओझं तुझं नव्हे. माझं अहे. मला झेपतं."

सासूबाईंनी त्यांना कॉफी दिली. त्यांनी वरून प्यायली आणि टंबलर खाली ठेवला. सासूबाईंनी तो उचलला, सवयीनं खिडकीच्या उजेडात धरला, तळ बघितला, आणि तशाच टंबलर हातात धरून पाटावर बसल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं.

निघताना अंबूबाई दारात थबकल्या. "मंगळवारी ये. पट्टुक्कोट्टैहून एक आई येणार अहे. मुलगी पांच वर्षांची. मी इस्पितळांतलं शिकवीन. घरांतलं तिला तू शिकीव." मी म्हटलं, मला जमणार नाही. "सांगूं नको," त्या म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

मंगळवारी मी गेले. खिडकीजवळच्या त्याच बाकावर एक तरुण बाई पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. अंबूबाईंनी तिच्या हातात चमचा नव्हे, टंबलर दिला. हे त्यांनी तेव्हापासून बदललं होतं, आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक आईला आधी विचारत, "तुमच्या घरांत पाणी कसं पितात? दाखीव." मग त्यांनी मला तिच्यासमोर बसवलं. तिनं पिठाची गोळी कुस्करली, कालवली आणि घाबरत घाबरत टंबलर माझ्या तोंडाशी आणला.

मी ओठ घट्ट मिटले आणि मान डावीकडे फिरवली. वेणू नेहमी डावीकडेच फिरवायचा. तिनं लाडानं "कण्णा, घे रे" म्हटलं. मी घेतलं, गालात धरलं, ती सुटले म्हणून श्वास सोडेपर्यंत थांबले, आणि तिच्या साडीवर थुंकले.

"आता काय करशील?" मी विचारलं.